उजवी दाढ आणि बासष्ट डबे

आमच्या घरात एकाच वर्षी एक शेवटचा दात पडला आणि एक पहिला दात आला. पडली ती माझ्या थोरल्या जाऊबाईंची, हौसाक्कांची, वरची दाढ. तिची खालची जोडीदार होळीलाच गेली होती. आला तो त्यांच्या पणतूचा दात, तांदळाच्या कणीएवढा. दोन्ही आषाढात. ते साल २०३७. सगळं घर पोराच्या हिरड्या बघण्यात दंग, आणि हौसाक्का पदराच्या टोकात दाढ बांधून ओट्यावर गप्प बसलेल्या. भाकरी त्या दोन वर्षांपासून आमटीत कुस्करूनच खात होत्या, त्याचं त्यांना काही नव्हतं. आता दाणा चावता येणार नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

आमची तांबेवाडी बालाघाटाच्या डोंगरात. इथे बासष्ट घरांची शाळू ज्वारी एका ठिकाणी बियाण्यासाठी ठेवतात. त्या खोलीला आम्ही बियाणेघर म्हणतो. पूर्वी कणग्या होत्या, आता पत्र्याचे हवाबंद डबे आहेत, घरटी एक. डब्यांवर नावं घालता यावीत म्हणून मी पंचेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकले. २०३३ साली पाऊस भाद्रपदातच संपला आणि थंडी पडलीच नाही, तेव्हा आसपासच्या गावांत विकतच्या बियाण्याची कणसं पोचट निघाली. आमची भरली. तेव्हापासून ह्या डब्यांची किंमत सगळ्यांना कळली.

बियाणं डब्यात बंद करण्याआधी ते पुरतं वाळलेलं असावं लागतं. ओल राहिली तर दाणा आत श्वास घेत राहतो, तापतो, बुरशी धरतो आणि त्याचा कोंब मरतो. वरून दाणा मोत्यासारखाच दिसतो. पेरल्यावर कळतं, तेव्हा वेळ गेलेली असते. ओल मोजायचं यंत्र आमच्याकडे आहे, पण ते मुठीची सरासरी सांगतं. अलीकडे काढणीच्या वेळी अवकाळी हटकून येतो, म्हणून धान्य सौर पेटीत घाईने वाळवावं लागतं. त्यात दाण्याचं कवच झटकन सुकतं आणि पोट ओलं राहतं. यंत्र त्याला फसतं. दाढ फसत नाही. पुरता वाळलेला दाणा एकदाच टक् वाजून दोन तुकडे होतो. ओला दाणा चेपतो. आणि वरून कोरडा, आतून ओला असला, तर आधी बारीक टक् होतं आणि मग दाढ किंचित रुतते. ते रुतणं केसाएवढं असतं. हौसाक्कांनी ते मला ओळखायला शिकवलं, त्याला नऊ हंगाम लागले.

रीत अशी. गाव राशी मांडतं. चावणारी एकच बाई असते. ती राशीत तीन जागी हात घालते, तीन दाणे चावते आणि एकच शब्द बोलते. भर किंवा पसर. भर म्हणजे डब्यात भरा, पसर म्हणजे पुन्हा उन्हात पसरा. त्यावर कोणी वाद घालत नाही, आणि ती बाईही कधी ‘वाटतं’ म्हणत नाही.

त्या आषाढात हौसाक्कांनी मला ओट्यावर बोलावलं.

“शेवंते, आता तुझी दाढ.”

“अक्का, कवळी बसवा की. सरकारी दवाखान्यात मिळती.”

“कवळीनं भाकरी खाता येईल. दाणा ऐकू येईल का?”

“नाही.”

“मग. आणि एक ध्यानात ठेव. गाव तुझ्या तोंडाकडं बघून डबा बंद करतं. तोंड सांभाळ.”

एक हंगाम मी सांभाळलं. २०३९च्या जानेवारीत माझी उजवी खालची दाढ, जिने मी दाणा ऐकते तीच, ठणकायला लागली. लवंग ठेवली, मिठाच्या गुळण्या केल्या. एके सकाळी गाल पुरीसारखा फुगला, तेव्हा माझी सून वैशाली मला गाडीवर बसवून तालुक्याला घेऊन गेली.

डॉक्टर नसरीन मुजावर म्हणजे वैशालीच्या वयाची बाई. हात हलका, जीभ तिखट. फोटो बघून म्हणाली, “मावशी, कीड आतल्या नसेपर्यंत गेलीय. रूट कॅनाल करावं लागेल.”

“काढून टाकू नका म्हणजे झालं.”

“वाचवायलाच तर करायचं.”

तिने दाढ बधिर केली, तिच्याभोवती रबराचा पडदा ताणला आणि वरून भोक पाडलं. सुईपेक्षा बारीक कानशींनी दाढेच्या मुळांतली सडकी नस साफ केली, आतून धुतलं आणि त्या पोकळीत रबरासारखा मसाला भरला. दोन बैठका झाल्या. ठणका गेला. दुसऱ्या बैठकीला ती म्हणाली, “आता दोन आठवड्यांत या. क्राऊन बसवू.”

आम्ही त्याला कॅप म्हणतो. गावात पाचसहा जणांच्या तोंडात आहे.

“कॅप कशाला? दुखत तर नाही.”

“दुखत नाही हाच धोका आहे. मावशी, घराचं आढं काढलं आणि नुसत्या भिंती उभ्या ठेवल्या, तर काय होईल? साफ करायला मी वरून भोक पाडलं, कीड आधीच निम्मा दात खाऊन बसली होती. भिंती पातळ झाल्यात. तुम्ही जोर लावलात तर उभी चीर जाईल. चीर मुळापर्यंत गेली, की दाढ काढण्यावाचून इलाज नाही. क्राऊन त्या भिंतींना वरून आवळून धरतो.”

“आणि दाणा कळेल त्यातून?”

तिने हे आधी कधी ऐकलं नव्हतं. मी समजावलं. तिने हातातली हत्यारं खाली ठेवली आणि नीट ऐकलं.

“दाताला दाब कळतो तो बहुतेक मुळाभोवतीच्या पातळ पडद्यामुळे,” ती म्हणाली. “तो पडदा शाबूत आहे. पण आतल्या नसेचाही त्यात थोडा वाटा असतो, तो गेला. वर क्राऊनचा थर आला की अजून थोडं बोथट होईल. जेवायला काही फरक पडणार नाही. तुमच्या त्या केसाएवढ्या रुतण्याचं मी सांगू शकत नाही.”

“मग राहू द्या.”

“मावशी, दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे. तोवर ह्या बाजूने काही कडक चावायचं नाही. दाणा तर नाहीच.”

मी हो म्हणाले आणि गेले नाही. काढणी तोंडावर होती. कॅप बसवली तर दाढ बहिरी होणार, न बसवता चावलं तर फुटणार. मग मी केलं ते असं. फेब्रुवारीपासून मार्चपर्यंत बासष्ट राशी आल्या आणि मी सगळ्या डावीकडून चावल्या. कोणाला कळलं नाही. गाव तोंडाकडे बघतं, पण तोंडाच्या कोणत्या बाजूकडे, हे कोण बघतं? डावीकडच्या दाढा मिश्रीच्या सवयीने झिजलेल्या. तिकडे मी जन्मात दाणा ऐकला नव्हता. तरी मला वाटलं, दाणा तोच, बाई तीच. सात राशींना मी पसर म्हणाले. बाकीच्यांना भर. एकदाही ‘वाटतं’ म्हणाले नाही.

जूनच्या अखेरीस फुटाणा खाताना विसरून उजवीकडे चावलं. कट् झालं. जिभेवर दाढेची एक भिंत आली.

नसरीन बराच वेळ आरशाने बघत राहिली.

“चीर हिरडीच्या वरच थांबलीय. नशीब तुमचं, माझं नाही. दोन आठवडे सांगितले होते, तुम्ही पाच महिने लावलेत.”

“रागवा. पण वाचवा.”

“वाचवते. आता मात्र क्राऊन बसल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “तुमची दाण्याची गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नव्हती. एक नवा क्राऊन आलाय. ज्यांच्या हाडात स्क्रूचे दात बसवतात, त्यांच्या दाताभोवती तो पडदाच नसतो. किती जोरात चावतोय हे त्यांना कळत नाही आणि ते आपलेच दात फोडतात. त्यांच्यासाठी तो बनवलाय. तुमच्यावर लावून बघू का?”

तिने मला तो दाखवला. दिसायला साधा, दुधी रंगाचा, चिनी मातीसारखा.

“गॅसचा लायटर आहे ना घरी? खटका दाबला की ठिणगी पडते. आत एक स्फटिक असतो, त्याच्यावर दाब पडला की वीज तयार होते. ह्या क्राऊनच्या पोटात तसाच थर आहे, केसाहून पातळ. तुम्ही चावलं की तुमच्याच जोराने वीज तयार होते. बॅटरी नको. त्या विजेवर खसखशीएवढी एक चिप चालते. दाब कसा चढला, कुठे अडला, कुठे सुटला, ती सगळं टिपते आणि त्याचा बारीक थरार करून जबड्याच्या हाडाला देते. हाडातून तो कानाला कळतो. बाहेर कोणाला ऐकू येत नाही. हवं तर फोनवर त्याची रेघही दिसते.”

“म्हणजे कॅपच मला सांगणार, भर की पसर?”

“तिला काय माहीत ज्वारी म्हणजे काय? ती नुसती आवाज मोठा करते. त्यातला कोणता आवाज कशाचा, ते आधी तुम्ही शिकायचं आणि मग तिला शिकवायचं.”

कॅप बसवली. शिकवण्यासाठी तिने शेतकी कॉलेजातून दाण्यांची पाकिटं मागवली. प्रत्येकावर नुसता आकडा. आतली ओल किती, हे त्यांनी भट्टीत वाळवून, तोलून काढलं होतं. काही दाणे मुद्दाम आतून ओले ठेवून वरून सुकवलेले, आमच्या सौर पेटीसारखे. तीन दिवसांत मी तीनशे दाणे चावले. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ. डोक्यात कोणी चिमटीने तार छेडावी तसं वाटायचं. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या दाण्याचा स्वर वेगळा काढता आला. तिसऱ्या दिवशी ते रुतणं परत आलं, पूर्वीपेक्षा स्पष्ट. चाळीस आतून ओल्या दाण्यांत दोनच चुकले.

मी हसत होते. नसरीनही हसत होती. ती म्हणाली, “आता तुलनेसाठी त्याच पाकिटांतले दुसरे चाळीस दाणे डावीकडून चावा. बिनक्राऊनच्या बाजूने किती कळतं, ते लिहून ठेवते.”

मी चावले. ती लिहीत गेली. शेवटी तिने पाकिटांशी ताडून बघितलं.

“एकोणीस चुकले. एकोणीस ओल्या दाण्यांना तुम्ही भर म्हणालात. बघा, केवढा फरक पडला.”

मी डाव्या गालावर हात ठेवला.

“काय झालं मावशी? दुखतंय?”

“ह्या वर्षीचे बासष्ट डबे मी डावीकडून चावलेत.”

परत येताना गाडीवर वैशालीला सगळं सांगितलं. तिने पुलाजवळ गाडी बाजूला घेतली.

“आत्याबाई, कोणाला काही सांगायचं नाही. प्रत्येक डब्यातून शंभर दाणे काढू, ओल्या फडक्यात घालून उगवतात का बघू. जे मेले असतील त्यांचं काय ते मग बघता येईल.”

“कोणाला न विचारता डबे उघडायचे?”

“किल्ली तुमच्याकडेच आहे.”

“गुपचूप तर मी पाच महिने होते, वैशाली. अजून किती राहू?”

“लोक तुमचं तोंड बघणार नाहीत.”

“तोंड बघूनच तर ही वेळ आलीय. चल घरी.”

दुसऱ्या दिवशी बियाणेघर चालवणाऱ्या बायांच्या गटाची बैठक बोलावली. बाहेर भुरभुर चालू. बियाणेघराच्या पडवीत चाळीसेक बाया बसल्या. हौसाक्कांना खुर्चीत बसवून आणलं होतं. मी उभी राहिले आणि सरळ सांगितलं. दाढेत रूट कॅनाल झालं, कॅप बसवली नाही, डावीकडून चावले, कोणाला सांगितलं नाही. किती डबे ओले असतील ठाऊक नाही. सगळे तपासायचे.

मग लंकाबाई उठली. लंकाबाईचा डबा आमच्यात वेगळा. त्यात तिच्या माहेरची हुरड्याची ज्वारी असते, गोड, पांढऱ्या कणसाची. तिचं माहेर धरणाखाली गेलं, तेव्हापासून ती ज्वारी जगात त्या एका डब्यातच आहे.

“शेवंते, पाच महिने तोंड शिवलं होतं का?”

“शिवलं होतं.”

“आणि आता पावसाळ्यात डबे उघडायचे म्हणती. बाहेर बघ की. हवेत पाणी भरलंय. जे चांगले हायेत तेबी ओले करशील.”

“ते खरं आहे. म्हणून खोली बंद करून, एका वेळी एकच डबा, शंभर मोजेपर्यंतच उघडायचा. तीन दाणे काढायचे, झाकण लावायचं. मी चावीन.”

“तू? पुन्हा तूच?” लंकाबाईने विचारलं, तशा बाया हसल्या. “तोंडात मोबाईल बसवून आलीया म्हणं. झोपेत दात खाल्लेस तर कोणाला फोन लागतो गं?”

“लागला तर तुलाच लागेल. उचलू नकोस.”

तीही क्षणभर हसली, पण लगेच गंभीर झाली. “थट्टा राहू दे. तुझ्या दाढेवर आता कोण भरवसा ठेवणार?”

मी हौसाक्कांकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

“दाढ बदलली, ते मला का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही म्हणाला होता, तोंड सांभाळ.”

“सांभाळ म्हणाले. लपव नाही म्हणाले.” मग वैशालीला म्हणाल्या, “खुर्ची आत घे. दार लाव. एक डबा आण. माझाच आण.”

वैशालीने आमच्या घरचा डबा आणला, झाकण काढलं आणि मोजायला लागली. मी तीन दाणे घेतले. हौसाक्कांनी मला जवळ ओढलं आणि त्यांची दोन बोटं माझ्या उजव्या जबड्याच्या हाडावर, कानाच्या खाली, टेकवली. बोटं थंड होती.

“चाव.”

मी पहिला दाणा चावला. डोक्यात स्वर उठला. दुसरा. तिसरा. कॅपचा थरार हाडात होता आणि हाडावर त्यांची बोटं होती. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, “भर.”

माझंही तेच होतं.

“लंके, तुझा आण.”

लंकाबाईने स्वतः डबा उचलून आणला. मी दाणा चावला. टक् झालं आणि दाढ रुतली. स्वर बसका. दुसरा दाणाही तसाच. तिसऱ्याला नुसता चेपल्याचा भास. मी मान वर केली. हौसाक्कांनी बोटं काढली नाहीत.

“पसर,” त्या म्हणाल्या, आणि मग लंकाबाईकडे बघून, “दात माझे गेले, कान नाही. हिच्या दाढेवर भरवसा ठेवू नका. दोघींच्या मिळून ठेवा.”

फोनवरची रेघ वैशालीने सगळ्यांना दाखवली, पण त्या रेघेकडे कोणी फारसं बघितलं नाही.

बासष्ट डबे तपासायला चार दिवस लागले. रोज सकाळी, पाऊस उघडला की. अकरा ओले निघाले. आता त्यांना वाळवायचं कसं? ऊन नाही, सौर पेटी बंद, आणि भट्टीचा शेक दिला तर कोंब जळतो. उपाय हौसाक्कांनीच सांगितला. त्यांच्या वडिलांची चुन्याची भट्टी होती. वैदू आपल्या औषधाच्या पुड्या त्यांच्याकडे कळीच्या चुन्याच्या मडक्यात ठेवायला देत, म्हणजे पावसाळ्यात ओल धरत नसत. न विझवलेला चुना हवेतली ओल ओढून घेतो आणि स्वतः फुटून पीठ होतो. नसरीनने शेतकी कॉलेजात फोन करून विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, फक्त चुना दाण्याला लागू देऊ नका. मग मातीच्या बोळक्यात चुना घालून, तोंडाला फडकं बांधून, प्रत्येक ओल्या डब्यात एक बोळकं ठेवलं आणि झाकण लावलं. तीन दिवसांनी चुन्याचं पीठ झालेलं असायचं. नवा घालायचो. असं बारा दिवस. बोळकी भरण्याचं काम मीच केलं. बोटांना चिरा पडल्या. वैशाली म्हणायची, मी करते. मी तिला हात लावू दिला नाही.

बाराव्या दिवशी पुन्हा चावलं. अकराच्या अकरा डब्यांना आम्ही दोघींनी भर म्हटलं. पण दाणा कोरडा झाला म्हणून मेलेला कोंब परत येत नाही. प्रत्येकातले शंभर दाणे ओल्या फडक्यात घातले. आठ डबे चांगले उगवले. दोन डब्यांत बुरशी आधीच शिरली होती, ते गेले. त्या दोन घरांना बाकीच्यांनी आपल्यातलं बियाणं दिलं. अकरावा डबा लंकाबाईचा. शंभरात चार कोंब आले. त्याच डब्यात उरलेल्यातले आणखी हजार दाणे आम्ही फडक्यात घातले. त्यात एकही आला नाही.

मी ते फडकं घेऊन तिच्या घरी गेले. ती चुलीपुढे बसली होती. तिने कोंब मोजले, मग परत मोजले.

“माझ्या आईनं धरणाच्या वेळी भांडी सोडली, पण हे गाठोडं आणलं होतं,” ती म्हणाली.

“मला ठाऊक आहे.”

“ठाऊक होतं तरी भर म्हणालीस.”

“म्हणाले.”

ती रडली नाही. ओरडलीही नाही. मी म्हटलं, “हे चार मला दे. माझ्या परसात लावते.”

“हंगाम यायचा अजून. आत्ता लावले तर पावसात सडतील.”

“कुंडीत पत्र्याखाली ठेवीन, एकेक. नाही जगली तर तू मला आयुष्यभर बोल. जगली तर चारही कणसं तुझी.”

“बोलणार तर मी तशीही हाय,” ती म्हणाली, आणि फडकं माझ्या हातात दिलं.

सप्टेंबरात नसरीनचा निरोप आला. क्राऊन बनवणाऱ्यांना माझ्या चावण्याची फाईल हवी होती. ती फाईल त्यांनी दुसऱ्या कोणाच्या क्राऊनमध्ये घातली, की ती बाई न शिकता पहिल्या दिवसापासून भर-पसर ओळखू शकेल. मी विचार करायला आठ दिवस घेतले. वैशाली म्हणाली, देऊ नका, आपली विद्या आहे. हौसाक्का म्हणाल्या, विद्या झाकून ठेवली की काय होतं ते ह्या वर्षी बघितलं. मी दिली. पण अट घातली. माझे डावीकडचे एकोणीस चुकलेले दाणेही त्या फाईलमध्ये राहतील, आणि ती फाईल फक्त आमच्या डोंगराच्या शाळूची आहे, दुसऱ्या धान्याची नाही, हे ज्याच्या तोंडात बसेल त्याला आधी सांगितलं जाईल. नसरीनने विचारलं, फाईलला नाव काय देऊ? मी हौसाबाई सांगितलं.

आमच्या बियाणेघराच्या भिंतीवर मी गेरूने दोन ओळी लिहिल्या. चावणाऱ्या बाया दोन असाव्यात. दाढ बदलली तर आधी सांगायचं, मग चावायचं. वैशालीचे दात धडधाकट आहेत, तिला कॅप नको. ती माझ्याजवळ बसून साध्या दाढेने शिकते आहे. तिला किती हंगाम लागतील, ते तिची दाढ ठरवेल.

चारही रोपं जगली. मी त्यांना पोरासारखं जपलं असं म्हणणार नाही. पोरांना मी एवढं जपलं नव्हतं. पत्रा हलवायचा, पाखरं हाकायची, खोडकिडीसाठी पानं उलटून बघायची. लंकाबाई रोज सकाळी येऊन कुंपणावरून बघून जायची. “मधलीला पाणी जास्त झालं,” “कोपऱ्यातली कलली,” एवढंच बोलायची. थंडी ह्या वर्षी बरी पडली. पौषात कणसं दुधात आली. गावात हुरड्याच्या आगट्या पेटल्या, पण ह्या चार कणसांतला एक दाणाही कोणी भाजला नाही.

२२ जानेवारीला कणसं कापली. चार कणसांचं बी माझ्या दोन ओंजळींत मावलं. लंकाबाईने ते सुपात घेतलं. तोवर हौसाक्कांनी अंथरूण धरलं होतं. अन्न सुटलं होतं, बोलणं तुटक झालं होतं. ३ फेब्रुवारीला आम्ही सूप त्यांच्या खाटेजवळ नेलं.

मी म्हटलं, “लंके, हे एवढंसं बी. ह्यातले दाणे कशाला फोडायचे? यंत्र लावू.”

“तीन दाणे चाव,” लंकाबाई म्हणाली. “नियम म्हणजे नियम.” आणि तिने स्वतः सुपात तीन जागी हात घालून तीन दाणे काढून दिले.

मी हौसाक्कांचा हात उचलून त्यांची बोटं माझ्या जबड्यावर टेकवली आणि चावले. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“पसर.”

माझंही तेच होतं. पाच दिवस सूप उन्हात ठेवलं, संध्याकाळी आत घेतलं. ८ तारखेला दुपारी पुन्हा नेलं. लंकाबाईने पुन्हा तीन दाणे दिले. बोटांत जोर नव्हता, लंकाबाईने मनगट धरून ठेवलं. मी पहिला चावला. टक्. दुसरा. टक्. तिसरा.

मग त्यांचे ओठ हलले.

“भर.”

लंकाबाईने बी बरणीत भरलं, झाकण लावलं आणि मला चिठ्ठी लिहायला सांगितली. मी तिच्या माहेरच्या गावाचं नाव लिहिलं, कारण ते आता दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही.

हौसाबाई दुसऱ्या दिवशी, गुरुवार, ९ फेब्रुवारी २०४० रोजी सकाळी सात वाजता वारल्या. त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी होतं.